ओरडलं तरी न हलणारी कवळी

माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी माझ्या मामांच्या कानाची पाळी दातांनी तोडली.

असं काही झालेलं नाही. लग्न थाटात झालं, पंगती वेळेवर उठल्या, मामांचा कान टेम्पोच्या दारात सापडला. यावर दोन्ही घरांचं एकमत आहे, आणि दोन्ही घरांचं एकमत असलेली ही एकमेव गोष्ट असल्यामुळे ती मी मोडणार नाही. मी फक्त कवळीबद्दल सांगतो.

आबा जमदाडे पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आले ते मला मारायला. तासगावात मार्केट यार्डाच्या रस्त्याला मी नुकताच दवाखाना टाकला होता. आबा म्हणजे हैबतराव जमदाडे, बेदाण्याचे अडत व्यापारी. सौद्याला उभे राहिले की पलीकडच्या शेडमधले लोक आपला सौदा थांबवायचे, कारण आपला भाव ऐकू येत नसे. त्यांची मुलगी स्वरूपा ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. ती अक्कलदाढ काढायला माझ्याकडे आली, दाढ निघाली तरी येत राहिली, आणि ही बातमी त्या दुपारी आबांपर्यंत पोचली होती.

त्यांनी दार लाथेनं उघडलं. दार ओढायचं होतं. बिजागरीसकट आत आलं.

"निशांत साळुंखे तूच का रं?"

मी हो म्हणालो. पाटीवर नाव होतं, नाही म्हणून उपयोग नव्हता. त्यांनी उजव्या हातानं माझी कॉलर धरली आणि मला खुर्चीच्या दिव्यावर आपटलं. दिवा फुटला. मग त्यांनी मला नीट मारता यावं म्हणून थोडं मागं घेतलं आणि तोंड उघडलं.

"माझ्या पोरीकडं बघतोस? तुझं डोळं काढून..."

पुढचा शब्द निघालाच नाही. वरची कवळी सुटली. ती ओठांवरून खाली येताना त्यांनी डाव्या हातानं झेलली, अगदी सराईतपणे, पोरं कट लागलेला चेंडू झेलतात तशी. कवळी पुन्हा आत ढकलली. पुन्हा "तुझं" म्हणाले, पुन्हा सुटली. आता त्यांनी डावा पंजा तोंडावरच धरला. त्यातून आवाज रिक्षाच्या सायलेन्सरमधून यावा तसा येत होता. उजव्या हातानं त्यांनी माझ्या बरगडीत एक गुद्दा घातला, पण एक हात तोंडाला लावून गुद्दा घातला की त्यात वजन राहत नाही. हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी कॉलर सोडली.

तोवर मागून स्वरूपा आणि तिची आई धावत आल्या होत्या. मालनकाकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. नवऱ्याचा हात तोंडावर आहे हे पाहून त्यांनी श्वास सोडला. मला वाटलं, जिना चढून दम लागला असेल. माझा दवाखाना तळमजल्यावर होता.

मी बरगडी चोळत विचारलं, "ही कवळी कुणी बसवली?"

"तुला काय करायचंय?" आबा पंजामागून म्हणाले.

"हे गुन्हेगारी काम आहे. दाखवा बघू."

त्यांनी का दाखवली मला माहीत नाही. कदाचित आजवर कुणी त्यांच्या बाजूनं रागावलं नसेल. ती एका फुकट शिबिरातली होती. कडा आखूड, टाळूला भेग, भेगेत बेदाण्याचा गर. चार दात मारामारीत गेले, उरलेले तंबाखूत, असा इतिहास त्यांनी स्वतःच सांगितला. मारामारीतले दात सांगताना आवाजात माया होती.

"मी दुसरी करून देतो," मी म्हणालो. "तोंडात कॅमेरा घालून हिरड्यांचं मोजमाप घेऊ, कॉम्प्युटरवर दात लावू, मशीनवर छापू. हलणार नाही."

"ओरडलं तरी?"

"ओरडलात तरी."

आबांनी खाली सांडलेल्या काचांकडे पाहिलं, मग स्वरूपाकडे.

"मालन, पोरगं बरं दिसतंय," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "कवळी नाय हलली तर पोरगी तुझी. हलली तर ह्योच गुद्दा दोन्ही हातांनी. बोल."

"मंजूर," मी म्हणालो.

स्वरूपाला आनंद व्हायला हवा होता. तिनं आईकडे पाहिलं. आई दाराची बिजागरी पाहत होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दात असलेल्या तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवणं सोपं असतं. दात म्हणजे कॉम्प्युटरला रस्त्यावरच्या खुणा. बोळक्या तोंडात नुसता ओला गुळगुळीत डांबरी रस्ता. मशीन दर दोन बोटांवर वाट चुकतं. त्यात आबा कांडी चावत, हिरड्यांनी. मी मागं ओढली की पुढं ओढत. शेवटी मी म्हणालो, "आबा, हिची किंमत तुमच्या बोलेरोएवढी आहे." मग त्यांनी तोंड असं उघडं ठेवलं की मला पार घशातली पडजीभ दिसत होती.

जुनी कवळीही मी सगळ्या बाजूंनी स्कॅन केली, जबड्यांचं अंतर कळावं म्हणून. मग रोज पेशंट संपले की कॉम्प्युटरवर आबांचं तोंड उघडून बसायचो. गाल ओढला की स्नायू कुठं जातो, जीभ उचलली की कड कुठं दुखेल, सगळं बघून कडा आखल्या. दातांची यादी मशीनमध्ये तयार असते, पण त्या यादीतले दात सिनेमातल्या माणसांचे. आबांना मी जरा रुंद, चौकोनी, सौद्याला शोभतील असे लावले. चावताना सगळीकडं सारखा दाब पडेल असे. मी लग्नाची मुलगी मिळवत होतो. माणूस याहून कमी कष्टात धनुष्य मोडतो.

त्या आठवड्यात स्वरूपाचा फोन आला.

"कुठवर आलं?"

"वरच्याची टाळू झाली. अशी बसेल की काढायला कारागीर लागेल."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "निशांत, चांगली कर. पण फार चांगली नको करू."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे... जाऊ दे. माणसानं सगळंच एवढं परफेक्ट कशाला करायचं."

मी हसलो. केमिस्ट्रीच्या बाईंनी हे म्हणावं यात मला गंमत वाटली.

पहिली छापतो ती नुसती पांढरी, बघायला म्हणून. हिरडीही पांढरी, दातही पांढरे. ती घालून आबा संगमरवरी पुतळ्यासारखे दिसत होते. उच्चार तपासायला आम्ही पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतो, त्यात सगळे 'स' येतात.

"मोजायला मी काय शाळेत हाय?" आबा म्हणाले. त्यांनी फोन काढला आणि गोडाऊनवरच्या संपतला लावला.

संपतनं काही केलेलं नव्हतं. त्यानं नुसतं "बोला आबा" म्हटलं. आबांनी त्याला जे ऐकवलं त्यात 'स' होते, 'श' होते, संपतच्या आईबहिणी होत्या, आणि जी अक्षरं आम्ही तपासत नाही तीही होती. आवाज वाढत गेला. ट्रेमधले आरसे थरथरत होते. कवळी जागची हलली नाही. फोन त्यांनी कधी टेबलावर ठेवला त्यांना कळलं नाही. दोन्ही हात हवेत होते. मधेच ते थांबले आणि आपल्या डाव्या हाताकडे पाहू लागले. उलटा केला, सुलटा केला, मूठ वळली. बोटांचा आवाज झाला.

"वा," ते हळूच म्हणाले. फोनवर संपत रडत होता.

मालनकाकू डबा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. आबा हात धुवायला गेले तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या.

"डॉक्टर, येवढी घट्ट लागतीच का? जरा सैल ठिवता येत न्हाई?"

"काकू, सैल कवळीनं हिरडीला जखमा होतात. जेवण जात नाही. माणूस चिडचिडा होतो."

"त्ये तर हायच," काकू म्हणाल्या.

मी त्यांना ती पाण्यात कशी ठेवायची, कुठल्या ब्रशनं घासायची, सगळं समजावून सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. मला वाटलं, शिकतायत.

पक्की कवळी मी लग्नाच्या पंधरवडाभर आधी दिली. गुलाबी हिरडी, हस्तिदंती दात. आबा माझ्यासमोर ऊस चावून गेले.

आता लग्न. कार्यालय गावाबाहेर होतं, विट्याच्या रस्त्याला. मे महिना. मालनकाकूंनी जरीच्या साडीवर मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं. मी मनात म्हटलं, सासूबाईंना फॅशन कळते.

भांडण फेट्याचं होतं. आमच्याकडं नवरदेवाच्या मामाला मानाचा पहिला फेटा मुलीकडच्यांनी बांधायचा असतो. माझे बजरंगमामा त्यासाठी सकाळपासून डोकं मोकळं ठेवून फिरत होते. आबांनी तो पहिला फेटा सोलापूरच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला बांधला, कारण त्याच्याकडं दोन गाड्यांचं पेमेंट अडकलं होतं. मामांना सातवा आला, तोही आधी कुणाच्या तरी डोक्यावरून उतरवलेला. आत घाम होता.

मंगलाष्टकांना मामा माझ्या पाठीशी उभे. समोर अंतरपाट, पलीकडं स्वरूपा, तिच्या मागं आबा. भटजींनी पहिलं कडवं उचललं आणि मामा माझ्या कानाजवळ म्हणाले, "दुसऱ्याचा घाम बांधला मला. तुझ्या सासऱ्याला बघतो."

"मामा, अक्षता होऊ द्या."

"तू पुढं बघ."

पुढं अंतरपाट होता. त्यामुळं त्यानंतरचं मी जे पाहिलं ते अंतरपाटाच्या खालून, फक्त पायांचं. माझ्या मागचे मामांचे पाय निघाले आणि वळसा घालून पलीकडं गेले. आबांचे पाय जागेवर होते. स्वरूपाचे मेंदीचे पाय एकमेकांवर चढले.

"आबासाहेब, आमचा मान कुठाय?" मामांचा आवाज.

"डोक्यावर हाय न्हवं. डोकं हाय का बगा."

"अडत्याला काय कळायचा मान. किलोवर मिळत न्हाय त्यो."

"मागं सर बजरंगा. पोरीचं लगीन लागतंय."

"न्हाय सरलो तर? ओरडा की. कवळी धरा आधी आबा, मग ओरडा. पडंल अक्षतांत."

सगळा मांडव हसला. तासगावात त्या जुन्या कवळीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आबा चिडले की कवळी पडते, पडली की आबा धरतात, आणि भांडण संपतं. लोक हसत ती पडायची वाट बघत राहिले. भटजीसुद्धा कडव्याच्या मधे थांबले.

आबा ओरडले. काय ओरडले ते इथं लिहिता येणार नाही, पण खांबाचा एक फुगा फुटला.

कवळी पडली नाही.

हसू आधी पुढच्या रांगेतलं थांबलं, मग मागचं. अंतरपाटाखाली मला चार पाय समोरासमोर दिसत होते, आणि थोडं पलीकडं जरीच्या काठाखाली मालनकाकूंचे. त्या पायांनी सगळ्यात आधी ओळखलं. ते मागं सरकू लागले, एकेक पाऊल, न वळता, जसं कुणी साप बघून सरकतं. मग आबांचे पाय मामांच्या पायांत घुसले. मूठ लागल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या मुठीचा, मग दोन्ही एकदम. एक अंगठा उलटा वळला. मामांचे गुडघे खाली आले, मग मामांचा चेहरा, अर्धाच, फेट्यासकट, आणि त्या चेहऱ्याच्या बाजूला आबांचा चेहरा टेकला, गुपित सांगतात तसा.

मामांनी जो आवाज काढला तो माणसाचा नव्हता.

भटजींनी मुहूर्त टळेल म्हणून शेवटचं कडवं दुप्पट वेगानं म्हटलं आणि अंतरपाट ओढला. मी स्वरूपाला हार घातला. तिनं मला घातला. तिच्या गालावर रक्ताचे बारीक थेंब होते, तिचे नव्हते. अक्षता पडल्या, कारण लोकांच्या मुठीत होत्या आणि दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

आबा दोन्ही हातांनी मामांची कॉलर धरून उभे होते. हनुवटी लाल होती. कवळी जागच्या जागी. लाज वाटते सांगायला, पण मला पहिल्यांदा वाटला तो अभिमान. मग मी वाकून पाळी उचलली, मठ्ठ्याच्या पिंपातला बर्फ एका वाटीत घेतला आणि तीत ठेवली. कट स्वच्छ होता. दाब सगळीकडं सारखा पडला होता. सांगलीच्या सर्जननं पाळी जोडायचा प्रयत्न केला आणि विचारलं, कशानं कापली? मामा म्हणाले, टेम्पोचं दार.

मामांनी तक्रार का केली नाही? दाताला दात नसलेल्या म्हाताऱ्यानं आपला कान तोडला हे त्यांना लिहून द्यायचं नव्हतं.

लग्नानंतर तीन-चार आठवडे गेले असतील. मालनकाकू एकट्या दवाखान्यात आल्या. दुपार होती, पेशंट नव्हता. त्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि पदर बाजूला केला. डावा गाल निळा होता. वरच्या जबड्यातला एक दात हलत होता, दुसरा मुळातून तुटला होता. लांब बाही वर सरकली, तिथं जुन्या नव्या बोटांच्या खुणा होत्या.

"पडलात?" मी विचारलं, कारण हा प्रश्न विचारायची आम्हाला सवय असते.

"जावईबापू, तुमी तरी नका इचारू असं."

मी हातमोजे घातले आणि परत काढले.

"दातं जायच्या आदी ह्येच हुतं," त्या म्हणाल्या. "स्वरूपाला इचारा. ती पलंगाखाली बसायची. मग त्यांची दातं गेली, ती शिबिरातली कवळी आली. काढून ठिवली तर तोंड बोळकं, शिवी दिली की माणसं हसत्यात. घालून वरडली तर पडती. मग येक हात सारखा वर, तोंडावर. उरला येक. येका हातानं माणूस किती मारणार? मी सरकून जायची. दमायचं ते. पुढं पुढं सोडूनच दिलं हुतं." त्या थांबल्या. "माझी लई चांगली वर्षं गेली त्या कवळीत."

मला त्यांचा तुटका दात दिसत होता, आणि मी त्याच्याकडेच बघत राहिलो, कारण दुसरीकडं बघायला जागा नव्हती.

घरी स्वरूपाला म्हणालो, "तू मला स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते? बाप असा आहे, त्याचे दात नीट करू नकोस, आणि माझ्याशी लग्न कर?"

आम्ही काकूंना इकडं राहायला बोलावलं. त्या म्हणाल्या, लेकीच्या घरी किती दिवस. पोलीस ठाण्यात नेलं. त्या पायरीपर्यंत आल्या, आत सौद्यातला एक ओळखीचा माणूस दिसला आणि त्या चपला न काढताच परत फिरल्या. स्वरूपा पायरीवर बसून राहिली. मी तिच्या शेजारी.

मग मी दवाखान्यात जाऊन आबांचं तोंड पुन्हा उघडलं, कॉम्प्युटरवरचं. फाइल जशीच्या तशी होती. टाळूकडची बाजू निवडली आणि नखाच्या जाडीपेक्षा कमी आत ढकलली, मागची कड थोडी आखूड केली. बाहेरून एकही दात हलवला नाही. आयुष्यात मी एवढ्या काळजीनं कुठलंच काम बिघडवलेलं नाही. छापली, घासली, चकाकवली. आबांना सांगितलं, मोफत सर्व्हिसिंग आहे, जावयाकडून.

आबांनी नवी घातली. आरशात पाहिलं. खूश झाले. मग सवयीनं संपतला फोन लावला, आणि "अरं सं" एवढ्यावर कवळी खाली आली. डावा हात आपोआप वर गेला.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, हात तोंडावर ठेवून.

"पयल्यासारखी न्हाय," ते पंजामागून म्हणाले.

"जबड्याचं हाड झिजतं, आबा."

"म्हयन्यात?"

"रागानं जास्त झिजतं."

त्यांनी मला मारलं. थोबाडीत, उजव्या हातानं. मी ट्रेवर पडलो, दाढा काढायचे चिमटे माझ्या मांडीत घुसले, ओठ फाटला. त्यांनी पुन्हा हात उगारला, पण उजवा वर गेला की तोल जातो आणि सावरायला डावा लागतो, आणि डावा सुटला की कवळी. दुसरी बसली नाही. ते खुर्चीत बसले आणि धापा टाकू लागले.

थोबाडीत एका हाताची होती, म्हणून मी उठलो. दोन्ही हातांची कशी असते ते मी सासूबाईंना कधी विचारलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. आबा दुसऱ्या डॉक्टरांकडं जात नाहीत, जावई फुकट करतो म्हणून. दर दोन वर्षांनी नवी मागतात, मी दर वेळी आणखी सुंदर आणि तेवढीच सैल देतो. पेठेतले लोक म्हणतात, साळुंखे डॉक्टर मशिनं लाखाची आणतो पण सासऱ्याची कवळी धड करता येत नाही. गिऱ्हाईक कमी झालं. दोन बायका मात्र सांगलीहून आल्या होत्या. आमच्या ह्यांची पण तुमच्या सासऱ्यांसारखी होईल का, असं हळूच विचारत होत्या. मी दोन्ही केल्या.

परवा नाक्यावरच्या मेडिकलमध्ये कवळी चिकटवायची पेस्ट आली. एकदा लावली की दिवसभर ऊस खाल्ला तरी हलत नाही. मी सगळ्या ट्यूब घेऊन टाकल्या. मेडिकलवाला खूश झाला. म्हणाला, डॉक्टर, एवढी खपती तर पुढच्या आठवड्यात दोन बॉक्स मागवतो, बोर्डही लावतो.

सबब, या अर्जाद्वारे संबंधित खात्यास नम्र विनंती करण्यात येते की, सदर पेस्टची विक्री, साठवणूक व जाहिरात, श्री. हैबतराव जमदाडे व सौ. मालन हैबतराव जमदाडे हे दोघेही हयात असेपर्यंत, तासगाव तालुक्याच्या हद्दीत बंद ठेवण्यात यावी.